‘समज देऊन सोडले’: घोड्यांची हेळसांड आणि आपल्या विसरभोळेपणाचा इतिहास

१/
आषाढीच्या आधी कर्नाटकातील अंकलीहून शितोळे सरकारांचे अश्व पायी आळंदीस येतात. पुढे वाटेत रिंगण होते. माउलींचा अश्व धावून गेला की त्याच्या टापांखालची माती कपाळी लावण्यासाठी झुंबड उडते. त्या अश्वावर स्वार दिसत नाही. माउली स्वतः आरूढ आहेत, ही वारकऱ्यांची श्रद्धा. घोड्याच्या पायांखालची माती मस्तकी धरणारा हा समाज आहे. आजचा धागा याच समाजाविषयी आहे आणि तो कटू आहे. शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

२/
गेल्या उन्हाळ्यात मोशीच्या पुढे, नाशिक महामार्गाच्या सेवारस्त्यालगत, एका बंद गोदामाच्या पत्र्याखाली मी एक घोडी पाहिली. बरगड्या मोजता येत होत्या. खूर वाढून पुढे वळले होते. पिछाडीच्या दोराने मागच्या पायावर जखम झाली होती. शेजारी बादली होती, पण कोरडी. पलीकडच्या चहावाल्याने सांगितले, “वरातीची घोडी आहे. गेल्या वर्षी याच मालकाची दुसरी होती, ती मेली.” मग तेव्हा काय झाले? “कुणीतरी तक्रार केली होती. पोलीस आले, समज देऊन सोडले.”

३/
या तीन शब्दांनी मला या धाग्याकडे आणले. ‘समज देऊन सोडले’ हे आपल्याला सौम्य, समंजस, गावकीला शोभेसे वाक्य वाटते. माझे म्हणणे असे, की घोड्यांच्या बाबतीत हेच वाक्य सर्वांत घातक आहे. ज्याची कोठेही नोंद होत नाही अशी समज म्हणजे पुढच्या घोडीच्या मरणाची आगाऊ मंजुरी. हे मी भावनेच्या भरात म्हणत नाही. कायद्याच्या कलमांतून आणि इतिहासातून दाखवते.

४/
आधी एक साधी गोष्ट. घोडा एका दिवसात हाडांचा सापळा होत नाही. त्याला रोज आपल्या वजनाच्या सुमारे दीड ते दोन टक्के कोरडा चारा लागतो. तीनशे किलोच्या देशी घोडीला म्हणजे साडेचार ते सहा किलो. पाणी वीस-पंचवीस लिटर, उन्हाळ्यात त्याहून अधिक. खूर दर सहा-आठ आठवड्यांनी तासावे लागतात. बरगड्या वर येण्यास आठवडे जातात, खूर वळण्यास महिने. म्हणून ‘अहो, दोन दिवस लक्ष राहिले नाही’ ही सबब घोड्याच्या शरीरावरच खोटी ठरते.

५/
हे मोजताही येते. १९८३ पासून जगभरचे पशुवैद्य घोड्याच्या अंगलटीला १ ते ९ असे गुण देतात: मान, खांदा, बरगड्या, पाठ, शेपटीचे मूळ हाताने चाचपून आणि डोळ्यांनी पाहून. १ म्हणजे सापळा, ९ म्हणजे अतिलठ्ठ, ५ म्हणजे ठीक. तेव्हा ‘तुम्हाला घोड्यातले काय कळते?’ या प्रश्नाला उत्तर आहे. हेळसांड हा मताचा विषय नाही, मापाचा आहे.

६/
आता इतिहासाकडे वळू. चाकणचा संग्रामदुर्ग आपण फिरंगोजी नरसाळ्यांमुळे ओळखतो. १६६० मध्ये शायिस्तेखानाच्या फौजेसमोर हा भुईकोट जवळपास दोन महिने झुंजला. ज्या मुलखात हे घडले त्याच्या आसपासच भीमेचे खोरे आहे. भीमेच्या काठचा म्हणून ‘भीमथडी’ हे नाव पावलेला काटक, ठेंगणा दख्खनी घोडा मराठी फौजेच्या वेगाचा पाया होता. पण घोडा नुसता असून चालत नाही, तो जगवावा लागतो. तो कसा जगवला जाई?

७/
सभासदाच्या बखरीत पागेची रचना दिली आहे. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांवर एक जुमलेदार. पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद. हा तपशील आपण सहज ओलांडून जातो. पण पाहा: राज्याने पाणी आणि खूर या दोन गोष्टींसाठी स्वतंत्र माणूस नेमला होता. मोशीच्या त्या घोडीला नेमक्या याच दोन गोष्टी मिळाल्या नव्हत्या. साडेतीनशे वर्षांपूर्वी ज्याची तरतूद होती, ते आज स्मार्ट सिटीच्या सेवारस्त्यावर नाही.

८/
त्या काळी बारगीर आणि शिलेदार असा भेद होता. शिलेदाराचा घोडा त्याचा स्वतःचा, बारगिराचा सरकारी. बारगीर घोड्यावर बसे, लढे, पण घोड्याचा धनी तो नव्हता. म्हणून घोड्याचे बरेवाईट झाले तर ‘माझा घोडा, माझी मर्जी’ असे म्हणण्याची सोय त्याला नव्हती. कुणाच्या तरी हाताखाली किती घोडी आहेत, याचा हिशोब वरच्याला ठाऊक असे. हिशोब असला की जबाबदारीला नाव चिकटते.

९/
आणि आता ते पत्र. राज्याभिषेकाच्या आसपासच्या काळातले, चिपळूणजवळच्या छावणीतील जुमलेदार, हवालदार आणि कारकुनांना छत्रपती शिवाजी महाराजांनी धाडलेले. शाळेत ते रयतेच्या काळजीचे पत्र म्हणून शिकवतात, आणि ते खरेच तसे आहे. पण ते घोड्यांच्या हेळसांडीविषयीचेही पत्र आहे. आशय असा: दाणा-वैरण आताच बेपर्वाईने उडवाल तर पावसाळ्यात काही उरणार नाही. मग घोडी उपाशी मरू लागतील, आणि ती तुम्हीच मारली असे होईल.

१०/
या आशयाचे वजन ध्यानात घ्या. घोड्याला कुणी तलवारीने मारलेले नाही, कुणी चाबूकही उगारलेला नाही. केवळ वैरणीचे नियोजन केले नाही. तरी महाराज त्याला ‘मरण आले’ म्हणत नाहीत, ‘तुम्ही मारले’ म्हणतात. हेळसांड आणि हत्या यांच्यातले अंतर ते मान्य करत नाहीत. शिवाय ते घटना घडण्यापूर्वीच कोण जबाबदार धरला जाईल, हे लिहून ठेवतात. समज त्यांनीही दिली. पण ती लेखी होती, पदनामांसह होती आणि पुढच्या जाबासाठी राखून ठेवलेली होती. ‘समज देणे’ म्हणजे काय, ते या पत्रावरून शिकावे.

११/
त्याच पत्रातला दुसरा धागा: घोडी उपाशी पडली की तेच लोक कुणब्यांच्या घरात शिरून दाणा, गवत, भाजी, लाकूड ओढून आणतील. म्हणजे जनावराकडे दुर्लक्ष करणारा माणूस पुढच्या पायरीवर दुबळ्या माणसाकडे वळतो, हे त्यांनी ओळखले होते. ‘इथे माणसांना न्याय नाही आणि तुम्हाला घोड्यांचे पडले आहे’ असे म्हणणाऱ्यांनी हे पत्र एकदा मुळातून वाचावे. तिथे दोन्ही चिंता एकाच कागदावर आहेत.

१२/
इंग्रजी अमलात घोडा कायद्यात आला तो मालमत्ता म्हणून. १८६० च्या दंडसंहितेत घोडा मारणे वा जायबंदी करणे ही ‘आगळीक’ ठरली, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. कठोर वाटते ना? पण आगळीक म्हणजे कुणाच्या तरी नुकसानीच्या हेतूने केलेले कृत्य. दुसऱ्याचा घोडा मारला तर कायदा हजर. स्वतःचाच घोडा उपाशी ठेवला तर नुकसान कोणाचे? घोड्याचे नुकसान हे त्या कायद्याच्या शब्दांत बसतच नव्हते.

१३/
१८७१ चा गुरेअतिक्रमण कायदा. आपल्या गावोगावच्या कोंडवाड्याचा बाप. त्यातील ‘गुरे’ या शब्दाच्या व्याख्येत घोडे, घोड्या, तट्टे, शिंगरेही आहेत. पिकात शिरलेले जनावर पकडायचे, कोंडवाड्यात घालायचे, चारापाणी द्यायचे, खर्च मालकाकडून घ्यायचा. सात दिवसांत मालक आला नाही तर पोलिसांना कळवायचे, नोटीस लावायची, आणि आणखी सात दिवसांनी लिलाव. म्हणजे जनावर ताब्यात घेणे, पोसणे, मालकाकडून वसुली करणे आणि मालकी संपवणे ही सारी यंत्रणा आपल्या गावाला दीडशे वर्षांपासून ठाऊक आहे.

१४/
फक्त ती यंत्रणा पिकाच्या रक्षणासाठी उभारली गेली. जनावरापासून शेत वाचवायला कोंडवाडा होता. मालकापासून जनावर वाचवायला काहीच नव्हते. एक तपशील मात्र जपून ठेवा. कोंडवाड्यातील जनावरास पुरेसे चारापाणी न देणाऱ्या रखवालदारास त्या कायद्यात दंड होता: पन्नास रुपयांपर्यंत. साल १८७१. हा आकडा पुन्हा भेटणार आहे.

१५/
१८९९ मध्ये ग्लँडर्स या रोगासाठी स्वतंत्र कायदा झाला. हा रोग घोड्याकडून माणसालाही होतो आणि लष्कराच्या पागा ओस पाडतो. म्हणून निरीक्षकाला तबेल्यात शिरण्याचा, घोडा ताब्यात घेण्याचा अधिकार मिळाला. सांसर्गिक घोडा हा सार्वजनिक प्रश्न ठरला. उपाशी घोडा खासगी बाब राहिला. राज्याला तबेल्याचे दार उघडता येत नव्हते असे नाही. ते कोणासाठी उघडायचे, हा निवडीचा प्रश्न होता.

१६/
क्रूरतेविरुद्धही प्रयत्न झाले, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. मुंबईत १८७४ मध्ये प्राणिक्लेश निवारणाची संस्था उभी राहिली. १८८३ मध्ये परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट यांच्या नावे जनावरांचे रुग्णालय निघाले. १८९० च्या कायद्याने सार्वजनिक जागी जनावरास निर्दयपणे मारणे, अति लादणे यासाठी शंभर रुपयांपर्यंत दंड किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद ठेवली. त्या काळी शंभर रुपये म्हणजे गाडीवानाची कित्येक महिन्यांची कमाई.

१७/
मग स्वतंत्र भारताचा १९६० चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा. कलम ११ मध्ये पुरेसे अन्न, पाणी, निवारा न देणे हा स्पष्टपणे गुन्हा आहे. आजारी, जखमी जनावर कामाला लावणे हाही गुन्हा. आणि शिक्षा? पहिल्या गुन्ह्यास किमान दहा, कमाल पन्नास रुपये. पन्नास. कोंडवाड्याच्या रखवालदाराचा १८७१ चा आकडा, ८९ वर्षांनी, जसाच्या तसा. मोशीच्या सेवारस्त्यावर पन्नास रुपयांत आज दोन वडापाव आणि एक चहा येतो.

१८/
दुसऱ्या आणि त्यापुढच्या गुन्ह्यास पंचवीस ते शंभर रुपये, किंवा तीन महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. पण अट वाचा: आधीच्या गुन्ह्यापासून तीन वर्षांच्या आत. आता सांगा, पहिला गुन्हा ‘समज देऊन’ मिटवला असेल तर दुसरा गुन्हा कायद्याच्या दृष्टीने कितवा? पहिलाच. तिसरा? तोही पहिलाच. आपल्या दयाळूपणाने आपण सराईत माणसाला दरवेळी नवखा करून सोडतो.

१९/
याच कायद्याचे कलम २९ कुणी वाचत नाही, आणि खरा प्राण त्यात आहे. दोषी मालकाकडून जनावर काढून सरकारजमा करण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. त्याला ठराविक काळ किंवा कायमचे जनावर बाळगण्यास मनाई करण्याचाही आहे. मात्र त्यासाठी पूर्वीची शिक्षा, मालकाचे वर्तन किंवा त्याने जनावराला दिलेली वागणूक यांचा पुरावा हवा. पुरावा म्हणजे कागद. समजेचा कागद कोठे असतो?

२०/
मनाईसाठी आणखी दोन अटी आहेत. एक: अशी मनाई मागण्याचा इरादा मूळ तक्रारीतच लिहिलेला हवा. दोन: ते जनावर बाळगण्यास परवाना आवश्यक असलेल्या क्षेत्रात गुन्हा घडलेला हवा. म्हणजे परवान्याची सक्ती नाही तिथे मनाईही नाही. सराईत हेळसांड रोखण्याची किल्ली कायद्याने नोंदीच्या हाती दिली आहे: परवान्याची नोंद, पहिल्या गुन्ह्याची नोंद, मागणीची नोंद. आपल्याकडे तिन्ही रकाने कोरे.

२१/
त्यात दोन खड्डे आणखी. कलम ३१ मध्ये ठराविक गुन्हेच दखलपात्र ठरवले आहेत. उपासमार त्यांत नाही. म्हणून ठाण्यात ‘एनसी’ होते आणि फाइल तिथेच थांबते. कलम ३६ नुसार गुन्ह्यानंतर तीन महिन्यांत खटला दाखल झाला पाहिजे. नंतर दार बंद. ‘बघू, सुधारतो का’ म्हणत एक लग्नसराई जाऊ दिली की मालक कायमचा सुटला.

२२/
आता या पट्ट्याकडे पाहू. १९६० नंतर एमआयडीसी आली, भोसरी-पिंपरी-आकुर्डीत कारखाने उभे राहिले, पुढे चाकण. १९७२ मध्ये आलेली ‘चेतक’ स्कूटर आकुर्डीच्या कारखान्यात तयार होऊ लागली. राणा प्रतापांच्या घोड्याचे नाव स्कूटरला मिळाले आणि खऱ्या घोड्याचे काम गेले. टांगा संपला. ओझ्याचे तट्टू संपले. यंत्राच्या ताकदीला मात्र आपण अजून ‘अश्वशक्ती’ म्हणतो.

२३/
काम गेल्याने हेळसांडीचे अर्थशास्त्र बदलले. टांग्याचा घोडा उपाशी पडला तर दुसऱ्या दिवशी टांगेवाल्याची चूल थंडावे. त्या स्वार्थातच घोड्याचे थोडे रक्षण होते. वरातीच्या घोडीचे तसे नाही. तुळशीच्या लग्नानंतर मुहूर्त सुरू होतात, आषाढीच्या सुमारास थांबतात. ती कमावते मोजक्या रात्री, खाते मात्र रोज. चातुर्मासात तिचे पोट हा निव्वळ खर्च. त्यातून गायराने गेली, माळरानांचे गुंठे पडले, कडब्याची पेंढी विकतच घ्यायची. महाराजांनी ज्या पावसाळ्याची भीती लिहिली, तो असा वेगळ्या रूपाने दरवर्षी परत येतो.

२४/
दुसरी घोडी गाड्यापुढची. आपल्या भागातील बैलगाडा शर्यतीत बैलांपुढे घोडी पळते, हे खेड, जुन्नर, आंबेगाव, मावळच्या वाचकांस सांगायला नको. एक गोष्ट निःसंदिग्धपणे लिहिते: घाटात नाव कमावलेले बहुतेक गाडामालक आपली घोडी पोटच्या पोरासारखी जपतात. त्यांच्याविरुद्ध हा धागा नाही. त्यांना साक्षीदार म्हणून बोलावणारा आहे. गावात कोणाची घोडी कशी आहे, हे त्यांच्याइतके कोणाला ठाऊक नसते.

२५/
शर्यतीचा कायदेशीर इतिहास मात्र डोळ्यांत अंजन घालणारा आहे. मे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बंदी घातली. २०१७ मध्ये महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. डिसेंबर २०२१ मध्ये शर्यतींना परवानगी मिळाली आणि मे २०२३ मध्ये घटनापीठाने दुरुस्ती वैध ठरवली. त्या दुरुस्तीत बैलाला यातना दिल्यास पाच लाखांपर्यंत दंड किंवा तीन वर्षांपर्यंत कैद. मोर्चे निघाले, आंदोलने झाली, तेव्हा सरकार हलले. एकाच घाटात बैलाच्या वेदनेची किंमत पाच लाख आणि उपाशी घोडीची पन्नास रुपये. कारण घोडीसाठी कुणी मोर्चा काढला नाही.

२६/
मग समाज काय करतो? आपल्याकडे दोनच तऱ्हा आहेत. पहिली, मिटवामिटवी: ‘गावातलाच आहे, जाऊ द्या.’ दुसरी, क्षोभ: चित्रफीत पसरते, मालकाला शिव्या पडतात, दोन दिवसांनी सगळे विसरतात. मालक घोडी पिंपरी-चिंचवड आयुक्तालयाच्या हद्दीतून उचलून ग्रामीण हद्दीत नेऊन बांधतो. नवे ठाणे, नवी पाटी. वरवर या दोन तऱ्हा एकमेकींविरुद्ध दिसतात. परिणाम मात्र एकच. दोन्हींतून कागद निर्माण होत नाही.

२७/
हे मी इतरांना सांगते आहे असे समजू नका. त्या दिवशी मीही छायाचित्र काढले, ‘माणुसकी मेली’ अशी ओळ टाकून पोस्ट केले आणि ग्रंथालयात निघून गेले. शे-दीडशे लोकांनी हळहळ व्यक्त केली. दहा दिवसांनी परत गेले तेव्हा पत्र्याखाली दोर होता, घोडी नव्हती. माझ्या छायाचित्रावर तारीख होती, पण ते कोणत्याही तक्रारीला जोडलेले नव्हते. इतिहासाची विद्यार्थिनी असून दस्तऐवज कशाला म्हणतात, हे मी विसरले.

२८/
आक्षेप पहिला: ‘मालकच गरीब, तो काय खाऊ घालणार?’ हा आक्षेप खरा आहे, आणि त्याला खरे उत्तर दिले पाहिजे. मुंबईच्या व्हिक्टोरिया पाहा. जून २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने त्या बेकायदा ठरवल्या आणि बंद करण्यास वर्षाची मुदत दिली. आधार कोणता? परवान्याविना चालणारे तबेले. सोबत मालक-चालकांच्या पुनर्वसनाचा प्रश्नही सरकारपुढे ठेवला. कायदा आणि करुणा एकत्र चालू शकतात. पहिल्या वेळी गरीब मालकाला चारा द्या, पशुवैद्य द्या, मुदत द्या. पण ते सारे लिहून द्या. दुसऱ्या वेळी घोडी घ्या.

२९/
आक्षेप दुसरा: ‘एवढी कडक मनाई कुठे असते?’ असते. ब्रिटनमध्ये क्रूरतेसाठी दोषी ठरलेल्यास जनावर बाळगण्यास अपात्र ठरवण्याचा व्यापक अधिकार न्यायालयांना १९५४ मध्येच मिळाला. २००६ च्या कायद्याने तो आणखी विस्तारला. जानेवारी २००८ मध्ये ॲमर्शॅमजवळच्या एका शेतातून शंभराहून अधिक घोडे-गाढवे सोडवली गेली. तीसहून अधिक मृत सापडली. मालकाला कैद झालीच, पण खरी शिक्षा आजन्म मनाईची होती. दंड भरून माणूस पुन्हा घोडा विकत घेतो. मनाई असेल तर पुढचा घोडा वाचतो.

३०/
आक्षेप तिसरा: ‘जप्त केलेला घोडा ठेवणार कुठे?’ पांजरपोळ ही संस्था इथलीच आहे. भोसरीचे पांजरपोळ या पट्ट्यात कोणाला ठाऊक नाही? २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार खटला चालू असताना जनावर पांजरपोळ वा तत्सम संस्थेकडे देता येते आणि पोसण्याच्या खर्चासाठी मालकाकडून बंधपत्र घेता येते. हा तर जुना कोंडवाडाच, फक्त यावेळी जनावराच्या बाजूने. अशा संस्थांवर भार पडेल, हे मान्य. मग महापालिकेने आणि कारखान्यांच्या सामाजिक निधीने तो उचलावा.

३१/
तर करायचे काय? घोडी दिसली की तारीख-वेळेसह चारही बाजूंनी छायाचित्रे. खूर, जखम, कोरडी बादली यांची वेगळी. सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्याला आणि जिल्हा प्राणी क्लेश प्रतिबंधक सोसायटीला लेखी कळवा. अंगलटीचे गुण लिहून मागा. ठाण्यात तोंडी बोलू नका, अर्ज द्या, पोच घ्या. कलम ३४ नुसार तपासणीसाठी जनावर ताब्यात घेता येते, हे अर्जातच नमूद करा. ‘एनसी’ झाली तर तिचा क्रमांक जपा आणि तीन महिने उलटण्याआधी न्यायदंडाधिकाऱ्यांकडे तक्रार दाखल करा. तिच्यात ही ओळ असलीच पाहिजे: कलम २९ खाली मनाईचा आदेश मागण्याचा आमचा इरादा आहे.

३२/
आणि कायद्याबाहेरचे, समाजाच्या हातातले. मंगल कार्यालयांनी वरातीची घोडी परवाना आणि पशुवैद्याचा दाखला पाहूनच आत घ्यावी. १९६५ च्या नियमांत ओझ्याच्या आणि गाडीच्या जनावरांना दिवसाला नऊ तासांची मर्यादा आहे, ३७ अंशांवरच्या उन्हात दुपारी बारा ते तीन काम बंद आहे. वरातीसाठी तेवढे तरी पाळावे. यात्रा कमिट्यांनी घाटात उतरणाऱ्या घोडीची तपासणी बैलाइतकीच कसून करावी आणि सराईत माणसाची पावती फाडू नये. महापालिका आणि चाकण नगर परिषद यांनी भाड्याच्या घोड्यांची यादी लोकांसमोर ठेवावी. वधूवरांनी तर घोडीवर बसण्यापूर्वी तिचा पाय एकदा उचलून पाहावा.

३३/
‘एका माणसाला आयुष्यभर गुन्हेगार ठरवायचे का?’ असे कोणी विचारील. नाही. नोंद ही सूड नसते. नोंद असली तर सुधारलेला माणूसही दाखवता येतो: पाहा, तीन वर्षांत एकही तक्रार नाही. नोंद नसली की सुधारलेला आणि निर्ढावलेला एकाच रांगेत उभे राहतात, आणि प्रामाणिक मालकांच्या कपाळी उगाच बट्टा लागतो. क्षमा करण्यासाठीसुद्धा आधी काय घडले हे लिहिलेले असावे लागते.

३४/
महाराजांच्या पत्रापाशी परत येऊन थांबते. त्या पत्राचे आपण फलक लावतो, जयंतीला वाचतो, पुतळ्याखालच्या घोड्याला हार घालतो. पण त्यातला नियम अगदी साधा आहे: जो सांभाळणार, त्याचे नाव लिहा, मेले तर त्याने मारले, असे म्हणा. यंदा वारीत अश्वाच्या टापांची माती कपाळी लावाल, तेव्हा आपल्या गल्लीत, आपल्या सेवारस्त्यावर पत्र्याखाली बांधलेली घोडी आठवा. तिच्यासाठी हळहळू नका. अर्ज लिहा, पोच घ्या आणि ती फाडू नका.

धागा समाप्त. पुढचा धागा कोंडवाड्यांच्या इतिहासावर. आपल्या गावच्या जुन्या कोंडवाड्याची जागा, छायाचित्र किंवा आठवण असेल तर खाली अवश्य लिहा.